चालेल म्हणणाऱ्यांचा ज्वालामुखी

आमच्या घराण्यात कुणी कधी काही मागितलं नाही. मागणं हे आमच्याकडे उघड्यावर आंघोळ करण्याइतकं लाजिरवाणं समजलं जातं. चहा टाकू का? चालेल. साखर संपली आहे. बिनसाखरेचाही चालेल. चहापूडही संपली आहे, नुसतं गरम पाणी देऊ? चालेल की. या एका शब्दावर माझ्या वडिलांनी नोकरी, संसार आणि निवृत्ती निभावली. आणि याच एका शब्दामुळे हवाईच्या मोठ्या बेटावर, भाड्याच्या मिनीव्हॅनमध्ये बसून, आम्ही सात जण त्यांचा ज्वालामुखी जवळजवळ घालवून बसलो होतो.

ही गोष्ट दोन हजार सहा सालची. मी तेव्हा मिशिगनमध्ये नोव्हायला राहायचो आणि गाड्यांच्या दारांना ज्या रबरी पट्ट्या असतात त्यांवर काम करायचो. दार लागल्यावर वारा आणि पाणी आत येऊ नये, एवढीच जगाची माझ्या बुद्धीकडून अपेक्षा होती. त्या वर्षी आमच्या धंद्यात सगळीकडे माणसं कमी करत होते. माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला माणूस एका खोक्यात आपला कप आणि मुलांचे फोटो भरून निघून गेला, आणि त्याच आठवड्यात मी क्रूझची तिकिटं काढली. ऑफिसात सांगितलं, भारतातून वडील आले आहेत, जरा घरचं काम आहे. अपराधी वाटायला मला एवढं पुरतं. खरं तर याहून कमीही पुरतं. पार्किंगमध्ये सावलीतली जागा मिळाली तरी मागून येणाऱ्या माणसाबद्दल मला वाईट वाटतं. जागा मात्र मी सोडत नाही.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. आई या वेळी आली नव्हती. आमच्या घरातली स्पष्ट बोलणारी ती एकटीच. "मला जहाजात कोंडून घ्यायचं नाही," असं फोनवर सांगून ती मोकळी झाली होती. अण्णांना मी विचारलं, "हवाईला जाऊ या का? जहाजाने. रोज एक नवं बेट." त्यांनी आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तिथे जिवंत ज्वालामुखी आहे ना रे? लाव्हा वाहताना दिसतो तो?"

"आहे की."

"मग चालेल."

चाळीस वर्षांहून जास्त काळ मी त्यांना ओळखत होतो. त्यांच्या 'चालेल'च्या आधी 'मग' मी कधी ऐकला नव्हता. तो शब्द माझ्या लक्षात आला नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तो लक्षात आला होता. मनात नोंद करून मी पुढे जेवणाच्या पॅकेजची चौकशी करायला लागलो.

आमच्याबरोबर नोव्हायचंच दुसरं कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांना सगळे अध्यक्ष म्हणायचे. ते आमच्या महाराष्ट्र मंडळाचे कधीकाळी एक वर्ष अध्यक्ष होते. पद गेलं, आवाज राहिला. मंडळाच्या गणपतीत आरतीचा क्रम ठरवावा तसे ते बेटं ठरवायचे. सोबत त्यांची बायको आणि बायकोची आई. त्या मावशी कवळी लावायच्या, कमी बोलायच्या आणि जहाजावरच्या हलत्या डेकवर सासू-सुनांच्या मालिका बघाव्यात तशा समुद्राकडे बघत बसायच्या.

जहाजाबद्दल फार काय सांगू. समुद्रावर तरंगणारा मॉल होता. आम्ही रात्री झोपायचो आणि सकाळी उठलो की खिडकीबाहेर नवं बेट ठेवलेलं असायचं, हॉटेलात दाराशी वर्तमानपत्र ठेवतात तसं. बेट बघायला एक दिवस. संध्याकाळी जहाज भोंगा द्यायचं आणि निघायचं, तुम्ही असा किंवा नसा. आम्ही पुरुषांनी फुलाफुलांचे शर्ट घेतले होते. अण्णांनीही घातला. "चालेल ना?" असं मी विचारलं होतं, दुसरं काय उत्तर येणार होतं? पपई आणि जास्वंदीच्या मध्ये त्यांचा चेहरा, चुकीच्या लग्नाला आलेल्या माणसासारखा दिसत होता.

मोठ्या बेटाची सकाळ उजाडली. जहाज हिलोच्या बंदरात लागलं होतं. नाश्त्याच्या टेबलावर अध्यक्षांनी अननसाची फोड काट्यात धरून बैठक सुरू केली.

"पॉइंट भरपूर आहेत," ते म्हणाले. मराठी माणूस जगात कुठेही गेला तरी निसर्ग बघत नाही, पॉइंट बघतो. महाबळेश्वरला लागलेली सवय. "धबधबा पॉइंट आहे, काळ्या वाळूचा बीच आहे, ऑर्किडची बाग, मॅकाडेमिया नट्सची फॅक्टरी, आणि ज्वालामुखी. सगळं कव्हर करायचं तर नीट प्लॅन करायला हवं. नट्सची फॅक्टरी तर मस्टच आहे. काय म्हणता, मावशी?"

"चालेल की, जावईबापू."

"आणि तू गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय, काहीही चालेल."

माझ्या बायकोनेही चालेल म्हटलं. मीही म्हटलं. मग अध्यक्षांनी आदराने मान वळवली. "काका, तुमचं? फॅक्टरीत दाणे कसे फोडतात ते बघायला मिळतं. फ्री सॅम्पल्स पण असतात."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फार नाही, चमचा खाली ठेवायला लागतो तेवढा वेळ. "चालेल," ते म्हणाले.

त्या क्षणी मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आमच्या अण्णांना लाव्हा बघायचा आहे, बाकी काही नाही झालं तरी हरकत नाही. हे वाक्य मराठीत आहे, त्यात जोडाक्षरंही कमी आहेत. पण ते बोललो असतो तर अध्यक्षांना वाटलं असतं की आम्ही आपलंच घोडं पुढे दामटतो. त्यांच्या बायकोला वाटलं असतं की यांना नट्स आवडत नाहीत. ही झाली भीड. आमच्यात तिला चांगुलपणा म्हणतात. मी चांगुलपणाने वाफाळत्या कॉफीत तोंड घातलं.

माझी मुलगी बारा वर्षांची होती. रविवारच्या मराठी शाळेत ती क्रियापदं शिकत होती आणि तिथून आलेला हिशेब आमच्यावर लावून बघायची. "बाबा, चालेल मीन्स 'विल वॉक,' राइट? मग तुम्ही सगळे वॉक करणार आहात, पण नोबडी इज गोइंग एनीव्हेअर." टेबलावर सगळे हसले. मंडळाच्या संमेलनात लहान मुलांनी श्लोक म्हटल्यावर हसतात तसे.

मिनीव्हॅन मी चालवत होतो. ती आमच्या प्रतिस्पर्धी कंपनीची होती, म्हणून पहिला अर्धा रस्ता मी आणि अध्यक्ष सरकत्या दाराच्या आवाजावर बोलत होतो. अध्यक्ष ब्रेकमध्ये काम करायचे. बाहेर एक आख्खं बेट समुद्रातून उठून आभाळापर्यंत गेलं होतं, आणि आत दोन इंजिनियर रबराची पट्टी नीट बसवलेली नाही यावर एकमत करत होते.

धबधबा पॉइंट झाला. अध्यक्षांनी कॅमकॉर्डर लावला, सगळ्यांनी पाण्याकडे पाठ केली, हात हलवले. "झाला," ते म्हणाले. काळ्या वाळूचा बीच झाला. तिथे एक कासव वाळूवर आलं होतं. ते हलेना, म्हणून अध्यक्षांना ते खरं वाटेना. अण्णा खाली वाकले, चिमूटभर काळी वाळू तळहातावर घेतली, बोटाने चोळली. मी लगेच म्हणालो, "अण्णा, वाळू घरी न्यायला परवानगी नाही." ते "हो हो" म्हणाले आणि हात झटकला. त्यांना न्यायची नव्हतीच. हे मला नंतर कळलं नाही, तेव्हाच कळलं.

मग आम्ही ज्वालामुखीवर गेलो. किलाउआ हे नाव मी फळ्यावर अण्णांच्या अक्षरात पाहिलं होतं, शेजारी बेटाचा आकार काढलेला. आता कठड्यापलीकडे ते खरं होतं: मैलोन्‌मैल पसरलेला करडा, बसका खड्डा, कुठे कुठे वाफ. वाऱ्यावर गंधकाचा वास. इतका मोठा खड्डा कॅमेऱ्यात मावेना, म्हणून अध्यक्ष नाराज झाले.

"महाबळेश्वरला याहून खोल दऱ्या आहेत," ते म्हणाले. "हिरव्या पण आहेत."

"आणि भजी मिळतात," त्यांची बायको म्हणाली.

अण्णा कठड्याला हात लावून उभे होते. बराच वेळ. मग अगदी हळू, जणू दुसऱ्याच कुणासाठी चौकशी करावी तसे म्हणाले, "लाव्हा कुठे असतो?"

"तो ना, काका, खाली," अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. "समुद्राजवळ. रस्ता पार खाली उतरायचा, मग रस्ता संपतो, मग दगडांवरून चालत जायचं. आपल्याकडे तेवढा टाइम नाही. फॅक्टरी बंद होईल. आणि जहाज थोडंच थांबणार आहे! हा पण ज्वालामुखीच आहे ना. हा पॉइंट झाला म्हणा."

सगळे गाडीकडे निघाले. अण्णा हलले नाहीत.

"तुम्ही जाऊन या," ते म्हणाले. "मी इथे बसतो. माझी काळजी करू नका."

मराठी म्हाताऱ्या माणसाने 'माझी काळजी करू नका' म्हटलं की समजावं, आता काही खरं नाही. मी त्यांच्याजवळ गेलो आणि माझी ती नेहमीची सुरुवात केली. "अण्णा, माझंच चुकलं. मी सकाळीच..." ते म्हणाले, "छे छे, तुझं काय चुकलं?" मी म्हणालो, "नाही, चुकलं." ते म्हणाले, "अजिबात नाही." असं आम्ही बराच वेळ एकमेकांना माफ करत उभे होतो, आणि लाव्हा तिकडे समुद्रात पडत होता.

माझी बायको गाडीच्या पायरीवरून ओरडली, "तुमची माफामाफी झाली असेल तर कुणीतरी काहीतरी ठरवा!"

तेवढ्यात मागच्या सीटवरून मावशी खाली उतरल्या. पदर सावरला आणि जावयाच्या समोर उभ्या राहिल्या.

"जावईबापू, एक विचारू? रागवायचं नाही."

"बोला ना, मावशी."

"ते दाणे फोडायचे कुणाला बघायचेत?"

"म्हणजे? तुम्हालाच! तुम्ही चालेल म्हणालात."

"अहो, जावयाने विचारल्यावर सासू दुसरं काय म्हणणार? माझ्या कवळीला शेंगदाणा फुटत नाही, तो सुपारीएवढा दाणा काय फुटणार आहे!"

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला वाटलं आईला हवंय."

"मला वाटलं तुम्हा लेडीजना शॉपिंग..." अध्यक्ष माझ्या बायकोकडे वळले.

"मला? माझ्या बॅगेत आधीच तीन डबे आहेत. कालच्या बेटावर घेतलेत. तुम्हीच घ्यायला लावलेत."

तर असं होतं. सात माणसांनी एकमताने ठरवलेली फॅक्टरी एकालाही नको होती. मंडळाचे बहुतेक कार्यक्रम याच रीतीने पार पडतात, हे तेव्हा कुणी बोललं नाही, पण अध्यक्षांचा चेहरा जरा उतरला होता. मावशींनी शेवटचा घाव घातला. "आणि त्या मास्तरांना काय बघायचंय ते सकाळपासून दिसतंय. गाडीत कुत्रं असतं तर त्यालाही कळलं असतं. त्यांच्या मुलाला कळलं नाही, हे एक नवल."

मुलाला कळलं होतं, मावशी. हे मी त्यांना सांगितलं नाही.

डोंगरावरून रस्ता समुद्राकडे उतरत गेला. दोन्ही बाजूंना गोठलेला लाव्हा, वर्षावर्षाचा वेगळा, काही काळा, काही तपकिरी. अण्णा पुढच्या सीटवर बसले होते. अध्यक्षांनी ती त्यांना स्वतःहून दिली, आणि मागे बसून दर वळणाला "टाइम बघ हं" म्हणत राहिले. शेवटी रस्ता एकदम संपला. म्हणजे रस्ता होता, पण त्याच्यावर दगड वाहून आला होता आणि तसाच थांबला होता. दूर किनाऱ्यावर पांढऱ्या वाफेचा खांब उभा होता.

तिथल्या नॅशनल पार्कची एक रेंजर बाई मोठी टोपी घालून येणाऱ्यांना अडवून बोलत होती. जमीन ओबडधोबड आहे, काचेसारखी धार आहे, पाणी न्या, खुणेच्या पुढे जाऊ नका. तिने अण्णांचे पांढरे कॅनव्हासचे बूट पाहिले, जास्वंदीचा शर्ट पाहिला आणि मला विचारलं की या गृहस्थांना इतकं चालायला जमेल का.

माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. नको, त्रास नको, इथूनच बघू. मी अण्णांकडे वळून म्हणालो, "अण्णा, त्या विचारतायत, एवढं जमेल का. नाहीतर इथूनही वाफ दिसतेय, ती चालेल का?"

"चालेन," अण्णा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मुलीला मात्र बरोबर ऐकू आलं. ती टाळी वाजवून ओरडली, "फर्स्ट पर्सन! आजोबा सेड फर्स्ट पर्सन!" आणि त्यांचा हात धरून ती निघालीसुद्धा.

अध्यक्ष, आमच्या दोघांच्या बायका आणि मावशी गाडीपाशी थांबले. "आम्ही वाट बघतो," अध्यक्ष म्हणाले, "पण जहाज बघत नाही, एवढं लक्षात ठेव." मी त्या दोघांच्या मागे गेलो. पायाखालचा दगड दुधावरची साय गोळा व्हावी तसा सुरकुतलेला होता. वाटेत 'रस्ता बंद' असं लिहिलेली पाटी लाव्ह्यात छातीपर्यंत बुडालेली होती. मुलगी हसली, अण्णाही हसले. मी हसलो नाही. मी काळजी करत होतो. त्यांच्या गुडघ्याची, बुटांची, जहाजाची, अध्यक्षांना आता आपल्याबद्दल काय वाटत असेल याची. मी पार्कचं माहितीपत्रक उघडलं आणि मागून वाचून दाखवायला लागलो की हा खडक किती तापमानाला वितळतो वगैरे. भूगोलाच्या मास्तरांना. ते ऐकून घेत होते, कारण कुणी वाचत असलं की आमच्याकडे ऐकून घेतात.

खुणेच्या दोरीपाशी पोचलो. खाली, अजूनही बरंच दूर, कड्याच्या टोकावरून काहीतरी समुद्रात पडत होतं. वाफेत ते झाकून जायचं, वारा फिरला की पुन्हा दिसायचं. बोटाएवढी धार. तिच्याखाली पाणी फुत्कारत होतं आणि तो आवाज आमच्यापर्यंत जरा उशिरा येत होता.

आणि तेव्हा, हे लिहिताना आजही माझे कान गरम होतात, मला भरून आलं. मला वाटलं, हाच तो क्षण. मी पुढे झालो, अण्णांच्या समोर उभा राहिलो, त्यांचे दोन्ही हात धरले आणि बोलायला लागलो. सकाळी मी बोललो नाही, मला माहीत होतं तरी बोललो नाही, इतकी वर्षं तुम्ही काही मागितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही, मी इकडे येऊन बसलो, तुमचं तिकडे...

"अरे," अण्णा म्हणाले, "बाजूला हो."

"अं?"

"बाजूला हो. मधे येतोयस. दिसत नाही."

त्यांनी मला खांद्याला धरून बाजूला केलं, वर्गात फळ्यासमोर आलेल्या मुलाला करतात तसं. रागाने नाही. पण माझ्याकडे बघून नाही. मी दोरीच्या कडेला उभा राहिलो. माझं बोलणं अर्धवट राहिलं होतं आणि त्याची तिथे कुणालाच गरज नव्हती. वाफेलाही नाही.

ते बघत राहिले. पापणी लवत नव्हती. मुलगी त्यांच्या दंडाला रेलून होती. मग ते पुटपुटले, "केशरी आहे."

"येस, इट्स ऑरेंज," ती म्हणाली. "सो?"

"मी लाल काढायचो. फळ्यावर. लाल खडू घासून घासून भरायचो." ते थोडे अस्वस्थ झालेले दिसले. "पुस्तकात लाल होता, म्हणून मी लाल सांगितला. मुलांनीही वहीत लाल काढला. इतकी वर्षं. इतकी मुलं. आता त्यांना कोण सांगणार रे?"

हे शेवटचं ते मला विचारत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी टोचणी होती, अगदी माझ्या ओळखीची, मी आरशात रोज सकाळी दाढी करताना बघतो ती. ती माझ्याकडे कुठून आली हे तोवर मला कधी सुचलं नव्हतं. मी म्हणणार होतो, अण्णा, लालही म्हणता येईल, सगळे लालच म्हणतात. पण तो लाल नव्हता.

मागे, रस्ता संपतो तिथून, मिनीव्हॅनचा हॉर्न वाजायला लागला. लांब, मग दोन छोटे, मग पुन्हा लांब. अध्यक्ष बोलावत होते.

"आजोबा, वुई हॅव टु गो," मुलगी म्हणाली.

"थांब गं," अण्णा म्हणाले. "वारा फिरतोय. आत्ता पुन्हा दिसेल."